साहेबांच्या सायकलमागची गाडी

3 जूनला आमच्या तालुक्याच्या गावी सायकल फेरी होती. जागतिक सायकल दिन. सकाळी साडेसहाला एसटी स्टँडसमोर पन्नास-साठ सुट्टीतली पोरं, दोन-तीन डॉक्टर, एक बँड. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले. त्यांची सायकल मागून पिकअपमधून आली. हिरवा झेंडा हलला आणि फेरी निघाली. अंतर सव्वा किलोमीटर असेल नसेल. साहेबांच्या सायकलमागे त्यांची गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चालली होती आणि गाडीमागची पोरं तिचा धूर खात पायडल मारत होती. शेवटी फोटो झाले, पर्यावरणावर दोन शब्द झाले. मग सायकल पुन्हा पिकअपमध्ये आणि साहेब गाडीत.

साहेबांना नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाही. माणूस बरा आहे, सायकलही नीट चालवली. पण ती मागून येणारी गाडी काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लांबण. वेळ असेल तर वाचा.

माझे वडील, आप्पा, आरोग्य खात्यात होते. आरोग्य सेवक. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरी भागात सगळी नोकरी गेली. उपकेंद्र म्हणजे गावपातळीवरचं सगळ्यात लहान सरकारी आरोग्य केंद्र. त्याचा हिशोब असा असतो की सपाटीला 5,000 लोकसंख्येमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 मागे एक. कागदावर डोंगरातल्या माणसाचं काम कमी दिसतं. पण सपाटीचे 5,000 एका-दोन गावांत भेटतात आणि डोंगरातले 3,000 सात-आठ वाड्यांवर विखुरलेले असतात. मधे ओढे, मधे घाट. हा हिशोब माणसं मोजून केलेला आहे, त्यात वाट कुणी मोजलेली नाही.

ही वाट आप्पा सायकलवरनं काटायचे. काळी, 22 इंची अ‍ॅटलस. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली, म्हणजे स्वतःची. कॅरेजला रबरी पट्ट्याने बांधलेली पत्र्याची पेटी, तिच्यात काचपट्ट्या, सुया, स्पिरिट, कापूस, क्लोरोक्विनच्या गोळ्या. मलेरियाच्या तपासणीला दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घर. "ताप आलता का कुणाला?" आलेला असेल तर बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, आणि भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायची. माझ्या वयाच्या लोकांना त्या चौकटी आठवत असतील. अमुक दिवशी सरकार या दारात येऊन गेलं याचा तो पुरावा. आणि सरकार सायकलवरनं यायचं.

आप्पा गमतीनं म्हणायचे, "उताराला मी सायकलवर, चढाला सायकल माझ्यावर." पावसाळ्यात हे गमतीत राहायचं नाही. ओढ्याला पाणी आलं की सायकल खांद्यावर घ्यायची, पेटी डोक्यावर, आणि पलीकडे जायचं. चिखलात मडगार्ड आणि चाकाच्या मधे माती भरली की चाक फिरत नाही, काडीनं उकरत बसावं लागतं. पन्नाशीत गुडघे गेले. तेव्हा सायकलचं कौतुक मी गुडघ्यांची किंमत धरूनच करतो.

पण एक गोष्ट खरी. सायकलवरच्या माणसाला दिसतं. कुणाच्या परड्यात फुटक्या टायरात पाणी साचलंय, कुठल्या घरात म्हातारा खोकतोय, कुठल्या विहिरीचा कठडा ढासळलाय, हे त्याला न विचारता कळतं. आणि लोक त्याला हाक मारू शकतात, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. "ओ डॉक्टर, जरा थांबा की." आप्पा डॉक्टर नव्हते, पण लोक म्हणायचे. सायकल थांबवायला एक पाय टेकला की पुरे. जीपला हाक मारून बघा.

जीप होतीच आरोग्य केंद्रात. दारावर निळ्या अक्षरांत युनिसेफ लिहिलेली. प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफने अशा गाड्या दिल्या होत्या, कशासाठी ते वेगळं सांगायला नको. जीप यायची असली की गावाला आदल्या दिवशी निरोप यायचा. शाळेचं पटांगण झाडलं जायचं, चावडीपुढची जनावरं हलवली जायची, ग्रामपंचायतीची वह्या-पुस्तकं वर काढली जायची. जीप आली की गाव आवरून बसायचं. सायकल आली की गाव जसं असेल तसं सापडायचं.

एकदा पावसाळ्यात एका वाडीवरच्या पोराला साप चावला. जीपला निरोप पाठवला तर जीप नव्हती. कुणाचे तरी पाहुणे आले होते, त्यांना पन्हाळा दाखवायला गेली होती. आप्पांनी पोराला कॅरेजवर बसवलं, बापाला मागून धरून पळायला लावलं, आणि सडकेपर्यंत आणलं. तिथून दुधाच्या गाडीतून पुढं. पोरगं वाचलं. जीपच्या लॉगबुकात त्या दिवशी काय लिहिलं होतं, ते आप्पांनी बरेच दिवसांनी बघितलं. "साथरोग पाहणी." किलोमीटर मात्र बरोबर लिहिले होते!

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता 108 आहे. आहे, आणि बरंच बरं झालंय. पण मी वाहनांबद्दल बोलतोय ते वेगळ्या अर्थाने. सरकारात गाडी मिळते ती पद बघून. काम किती लांब आहे, रस्ता कसा आहे, हे बघून नाही. कोणत्या पदाला किती लाखांपर्यंतची गाडी घेता येईल, याचे रीतसर शासन निर्णय निघतात. बंगल्यापासून कचेरीपर्यंत चार किलोमीटर जाणाऱ्याला गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल. चाळीस किलोमीटरची फिरती असणाऱ्याला "स्वतःचं काहीतरी बघा." जितकं खाली जाल तितकी वाट लांबत जाते आणि वाहन नाहीसं होत जातं.

हे आजचं नाही. इंग्रजांच्या काळात साहेबाचा दौरा निघायचा तेव्हा तंबू, पेट्या, खाटा, भांडी असा सगळा संसार निघायचा. ते ओझं कोण वाहायचं? वाटेतल्या गावांनी वेठ द्यायची. आणि वेठ म्हणजे बहुतेक वेळा महारवाड्यातली माणसं. साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं, सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं, घोड्याला गवत, चुलीला सरपण. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या, म्हणजे गावकामाच्या या पिढीजात बांधिलकीच्या, कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच जोखडावर बोट ठेवून. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 लाच महार वतन काढून टाकलं होतं. बाकी राज्याला त्यासाठी 1958 चा कायदा यावा लागला. म्हणजे सरकारी प्रवासाचं ओझं ज्याच्या अंगावर ढकलायचं तो माणूस पायरीने सर्वांत खालचा, ही रीत इथं फार मुरलेली आहे. वेठ गेली. पदरचं पेट्रोल जाळून फिरणारी नर्स बघितली की ती पुरती गेली असं म्हणायला जीभ रेटत नाही.

2017 साल मला यासाठी फार आवडतं. त्या वर्षी 1 मे रोजी, नेमक्या महाराष्ट्र दिनी, देशभरातल्या मंत्र्या-साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. टीव्हीवर दिवसभर तेच. मंत्री स्वतःच्या हाताने दिवा काढतायत, कॅमेरे चमकतायत. त्याच वर्षी जूनच्या शेवटी केंद्राने सातव्या वेतन आयोगाच्या भत्त्यांवर निर्णय घेतला. आयोगानं सायकल भत्ता रद्दच करा म्हटलं होतं. सरकारनं पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो ठेवला आणि दुप्पट केला. महिन्याला 90 रुपये होते, ते 180 झाले. लाभ किती जणांना, तर 22,200 हून थोड्या जास्त लोकांना. दुप्पट ऐकायला छान वाटतं. 180 रुपये म्हणजे दोन-तीन पंक्चर, ब्रेकची रबरं आणि उरलेच तर चहा. रुळावरून दिवसभर चालणाऱ्या आणि दारोदार टपाल टाकणाऱ्या माणसाच्या वाहनाचा हा सरकारी भाव. दिवे उतरल्याची बातमी आठवडाभर चालली. ही बातमी आत कुठंतरी चार ओळींत येऊन गेली.

दिव्याचंही काय झालं बघा. दिवा गेला आणि काचेमागची पाटी मोठी झाली. सीटवर पांढरा टर्किश टॉवेल आला, सायरन आला. 2024 च्या जुलैत पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी निघाली, त्यावरून केवढा गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवतो. लोकांना त्या एका गाडीचा राग आला. पण खासगी गाड्यांवर तीच पाटी लावून फिरणारे आपल्या ओळखीत किती आहेत, मोजा. टोलनाक्यावर, नो पार्किंगमध्ये ती पाटी दिव्याइतकीच काम करते. कुणी विचारत नाही.

कुणी विचारत नाही, याचं एक भयंकर रूप आपण बघितलेलं आहे. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला करणारे अतिरेकी आत शिरले ते पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून. वर लाल दिवा, काचेवर गृहमंत्रालयाचं स्टिकर. फाटकावरच्या माणसाला वर्षानुवर्षं हेच शिकवलेलं की दिवा दिसला की थांबवायचं नसतं. त्यांना फाटक फोडावंच लागलं नाही.

दरवर्षी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नेदरलँडच्या पंतप्रधानांचा फोटो टाकतं. मार्क रुटे. 2 जुलै 2024 ला पद सोडलं आणि कचेरीतून सायकलवर टांग मारून निघून गेले. खाली मजकूर: 'आपले नेते कधी शिकणार?' मला हे फॉरवर्ड पटत नाही. त्यांची कचेरी ज्या हेग शहरात आहे तिथं चढ नाही, सायकलला वेगळा रस्ता आहे आणि तिथं बाकीचेही सायकलनेच जातात. पंतप्रधान सायकलवर बसला यात तिथं त्याग कसला? आपल्याकडेही खासदार सायकलने संसदेत गेलेत. अर्जुनराम मेघवाल 2016 मध्ये मंत्रिपदाची शपथ घ्यायला राष्ट्रपती भवनात सायकलवरून गेले होते. चांगलंच आहे. पण मंत्री सायकलवर आला काय आणि हेलिकॉप्टरनं आला काय, वाडीवरच्या नर्सच्या प्रवासात त्यानं फरक पडत नाही. आणि ज्या गटविकास अधिकाऱ्याकडे शंभर गावं आहेत त्याला सायकल देऊन काय साधणार? त्याला गाडी हवीच. बरी गाडी हवी, डिझेलला पैसे हवेत. डिझेलच्या तरतुदीअभावी जूनपासून उभी राहणारी गाडी हीही सरकारी पैशाची नासाडीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाटप खालून सुरू करा. आमच्या भागातली आरोग्य सेविका आज स्वतःच्या स्कूटीवर फिरते. हप्ते तिचे, पेट्रोल तिचं, घाटात घसरली तर प्लास्टरही तिचंच. आशाताई तर चालतच असतात. तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी'. नाव बदललं, गाडी तीच, घरची. 2022 पासून राज्य सरकारनं नव्या सरकारी गाड्या विजेवरच्याच घ्यायचं ठरवलं होतं. उत्तम. मग पहिली खरेदी उपकेंद्रांच्या स्कूटरची का नसावी? दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, रात्री उपकेंद्रात चार्जिंग. विजेची गाडी कुणाला फिट बसत असेल तर ती या बायांना. पण स्कूटरवर बसून दबदबा तयार होत नाही ना.

आप्पांच्या आरोग्य केंद्रातली ती जीप शेवटी बंद पडली आणि आवारातल्या चिंचेखाली उभी राहिली. सरकारी वाहन मोडीत काढायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो, तपासणी लागते, सह्या लागतात, मग लिलाव. तोवर तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढला होता आणि शिपायाची बायको घोसाळी तोडून नेत होती. आता 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणीच पुढे चालू ठेवत नाहीत, त्यामुळे कदाचित इतकी वर्षं उभी राहिली नसती. पण त्या जीपचा सगळा जन्म कागदावर होता. कधी आली, किती पळाली, कधी मेली.

सायकलचा तसा कागद कुठंच नाही. अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखानाही 2020 मध्ये बंद पडला. तारीख होती 3 जून, जागतिक सायकल दिन.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा ना-देय प्रमाणपत्रासाठी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. लिपिकानं छापील फॉर्म पुढे सरकवला. ग्रंथालयाची पुस्तकं, उपकरणं, अग्रिम, निवासस्थान असे रकाने. एका रकान्यात होतं, 'कर्मचाऱ्याच्या ताब्यातील शासकीय वाहन'. आप्पांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'निरंक'. मग बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढलं आणि मला म्हणाले, "बस मागं. उतार आहे, घरापर्यंत पायडल मारायला लागत नाही."