पुण्याची कसोटी एका ओळीत?

२०२४ हे भारतीय क्रिकेटचं ‘सोनेरी वर्ष’ असं तुमच्या त्या वर्षाचा आढावा घेणाऱ्या लेखात म्हटलंय. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कपच्या फायनलला सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा मीही सोसायटीत रात्री बारापर्यंत नाचलो, त्यामुळे वर्ल्ड कपबद्दल वाद नाही. पण न्यूझीलंडकडून कसोटी मालिकेत घरच्या मैदानावर ३-० मार खाल्ला, तो ‘एक अपवाद’ म्हणून एका वाक्यात उरकलात हे पटलं नाही. बंगळुरूत ४६ ऑलआउट, पुण्यात त्यांचा फिरकीपटू सँटनरच्या १३ विकेट, मुंबईत वानखेडेवर जिंकायला १४७ करायचे तर १२१ वर ऑलआउट. घरच्या मैदानावर सलग १८ कसोटी मालिका जिंकण्याचा विक्रम तिथेच थांबला. तीन वेळा होतो तो अपवाद कसला?

गहुंज्याच्या, म्हणजे पुण्याच्या त्याच कसोटीचं माझं तिकीट रविवारचं होतं, चौथ्या दिवसाचं. सामना शनिवारीच संपला! रविवारी घरी बसून दिवाळीचे आकाशकंदील लावले. कोहली सँटनरच्या फुलटॉसवर बोल्ड झाला तो व्हिडिओ अजून कोणी पाठवला की मी उघडत नाही. आणि वानखेडेवर ११ विकेट घेणारा न्यूझीलंडचा फिरकीपटू एजाज पटेल जन्माने मुंबईकर, हे तरी लेखात यायला हवं होतं.