स्प्रे धरणारी बाई

मॅरेथॉन पळणाऱ्यांचं कौतुक भरपूर होतं, मेडल मिळतं, फोटो निघतात, ऑफिसात केक कापतात, पण पळणाऱ्याच्या घरच्यांसाठी आजवर कुणी साधा टी-शर्टसुद्धा काढलेला नाही. हे मी बरेच दिवस मनात धरून आहे.

जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन, हे आता आमच्याकडे संक्रांतीइतकंच पक्कं झालंय. दोन्ही लागून येतात हेही एक बरंच आहे म्हणा, कारण वर्षभर साखरेकडे न बघणारा आमचा नवरा त्या आठवड्यात कार्ब लोडिंगच्या (म्हणजे पळण्याआधी अंगात ताकद साठवायला भरपूर खायचं) नावाखाली गुळाच्या पोळ्या न मोजता खातो आणि वर मलाच सांगतो की हे सायन्स आहे. मग बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायला वांद्र्याच्या बीकेसीला जायचं, ते कुरियरनी येत नाही, स्वतः आयडी घेऊन उभं राहावं लागतं. परत येताना बिबसोबत एक नवीन बुटांचा बॉक्स येतो. जुने बूट गॅलरीत आहेतच. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, तुम्ही जेवत असाल.

आदल्या रात्री आठला झोपायचं असतं आणि झोप येत नाही, म्हणून तो मला इतिहास सांगतो. दरवर्षी तोच. आपल्याकडे ही फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली, पहिल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रमाला जिंकला, मग ती जानेवारीत आली कारण मुंबईत त्यातल्या त्यात गारवा तेव्हाच. (आमचे पुण्याचे दीर हे ऐकलं की लगेच "आमची १९८३ पासून आहे" म्हणतात. असू दे.) २०२१ आणि २०२२ ला कोविडमुळे झालीच नाही. मला वाटलं सुटलो, तर हा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोल गोल पळायला लागला, वॉचमन रजिस्टर हातात घेऊन नुसता बघत बसायचा.

मग गाडी अथेन्सला जाते. १८९६ च्या ऑलिंपिकला अंतर साधारण ४० किलोमीटर होतं. १९०८ ला लंडनमध्ये सुरुवात ठेवली विंडसर कॅसलपाशी आणि शेवट स्टेडियममध्ये थेट राजघराण्याच्या बॉक्ससमोर, त्यामुळे ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड आणि १९२१ मध्ये तेच ४२.१९५ किलोमीटर म्हणून कायमचं ठरलं. मी म्हटलं, राजघराण्याच्या खुर्च्याच दोन किलोमीटर अलीकडे सरकवल्या असत्या तर? यावर तो कुशीवर वळून झोपल्याचं सोंग करतो.

पण त्याची आवडती गोष्ट डोरांडो पिएत्रीची. इटलीतला मिठाईच्या दुकानात काम करणारा पोरगा, १९०८ ला स्टेडियममध्ये पहिला आला पण भेलकांडत, उलट्याच दिशेनं पळायला लागला, परत परत पडला, शेवटी अधिकाऱ्यांनी धरून रेषेपार केलं, आणि म्हणूनच बाद! गोल्ड गेलं अमेरिकेच्या जॉनी हेजला. बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी राणीनं वेगळा कप दिला. "म्हणून सांगतो, मी पडलो तरी तू हात लावायचा नाहीस." अरे बाबा, ८० किलोचा माणूस, लावणार तरी कुठे.

मध्य रेल्वे त्या पहाटे स्पेशल लोकल सोडते. डोंबिवलीला चढून आरामात बसायला मिळावं अशी वर्षातली ही एकच गाडी. एकदा मीही त्यातून गेले होते, अख्ख्या डब्यात पेनकिलर स्प्रेचा वास, सगळे चड्डीवर, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि पहाटे तीनला एकेक जण गंभीर चेहऱ्यानं केळं सोलतोय. आता मी नंतरच्या गाडीनं जाते, दादरला बदलून ग्रँट रोड, तिथून चालत केम्प्स कॉर्नर आणि वर पेडर रोड. माझी ड्युटी तिथे. परतीच्या वाटेवर ३५ किलोमीटरच्या आसपास, अंगातलं सगळं संपलेलं असताना हा चढ येतो. एरवी टॅक्सीत बसून गेलं तर चढ आहे हे कळतही नाही, पण त्या दिवशी तिथे भली भली माणसं चालायला लागतात, काही देवाचं नाव घेतात, काही बँडवाल्यांकडे रागानं बघतात.

माझ्या पिशवीत मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, चिक्की, स्प्रे आणि मोबाईल. मोबाईलमध्ये ट्रॅकिंगचं अ‍ॅप, ज्यात नवरा तासभर ३० किलोमीटरवरच उभा असतो. पळणाऱ्याजवळची चिप टिपणारी मॅट रस्त्यात ठरावीक जागीच असते हे मला माहितीये, तरी जीव खालीवर होतोच. त्यात त्यांच्या ग्रुपच्या शंभरेक जणांचे टी-शर्ट सेम टू सेम नारिंगी. एकदा एका अनोळखी गृहस्थांना मी "अरे शाब्बास, चल चल, थांबू नको" म्हणत फोड भरवली, त्यांनी खाल्लीही, थँक्यू वहिनी म्हणाले आणि गेले.

मग हा येतो. बिब एका पिनेवर लोंबतोय, कपाळावर मिठाचे पांढरे ओघळ. मी पहाटेपासून कोरडी चपाती खाऊन उभी आहे आणि नवऱ्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, "स्प्रे". मी पोटरीवर फुस्स करते. अजून चार जण मागून पाय पुढे करतात. त्यांनाही फुस्स. पाच मिनिटांत बाटली संपते आणि मी पेडर रोडवरची सगळ्यात लोकप्रिय बाई असते.

तोपर्यंत जिंकणारे कधीच आंघोळ करून बसलेले असतात. २०२३ ला इथियोपियाच्या हायले लेमीनं दोन तास सात मिनिटं बत्तीस सेकंदात संपवली. आमचे हे फिनिशनंतर सीएसएमटीच्या सबवेचा जिना उतरतात उलटे, कठडा धरून, एकेक पायरी. मांड्या धरल्या की पुढे तोंड करून उतरता येत नाही म्हणे. आजूबाजूला गळ्यात मेडल घातलेले असे कितीतरी जण उलटे उतरत असतात आणि फुलपुडीवाली मावशी विचारते, "काय झालं ओ यांना सगळ्यांना?"

परतीच्या लोकलमध्ये सासूबाईंचा फोन, मेगाब्लॉकमुळे गाडी कुर्ल्याला उभी. त्या माणदेशातल्या, धावपटू ललिता बाबरच्या तालुक्यातल्या, त्यामुळे त्यांना गंडवता येत नाही.

"कितवा आलास?"

"आई, तसं नसतं, मी माझं टायमिंग चार मिनिटांनी..."

"आमच्या ललितानं २०१२, १३, १४, तिन्ही साल भारतीय बायकांत पहिला नंबर काढला मुंबईत. तू कितवा?"

"वयोगटात बघावं लागेल..."

"बरं, मिळालं काय?"

"मेडल. आणि खाऊचा बॉक्स."

"आणि फी किती भरलीस?"

फोन स्पीकरवर होता. समोरच्या सीटवरच्या तिघांनी आपापली मेडलं हळूच टी-शर्टाच्या आत टाकली.