एक दिवसाच्या कार्यशाळेने ऑनलाइन शिकवणं येत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या महाविद्यालयांत ऑनलाइन तासांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं, व्हॉट्सअॅपवरही ते फिरत असतं: ‘प्राध्यापकांना वेगळी मदत कशाला? लॅपटॉप आणि नेट द्या, एक दिवसाची कार्यशाळा घ्या. वर्गात बोलतात तेच कॅमेऱ्यासमोर बोलायचं. एकदा रेकॉर्ड झालं की दरवर्षी तेच लावायचं. ज्यांना जमत नाही त्यांचं वय झालंय.’ या मतावरच वेळापत्रक आणि खर्च ठरत असल्यामुळे त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

‘लॅपटॉप आणि नेट द्या.’ नेट नुसतं प्राध्यापकांकडे असून भागत नाही. सेकंदाला ६०० किलोबिट वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला सुमारे २७० एमबी खातो. दिवसाचे चार तास धरले तर १ जीबीच्या वर. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर आणि एकाच मोबाइलवर भाऊ-बहीण दोघं शिकत असतील तर दुपारपर्यंत डेटा संपतो. नुसता आवाज मात्र ६४ किलोबिटने तासाला २९ एमबीच्या आसपासच घेतो. म्हणून पहिली पाच मिनिटं चेहरा दाखवावा, मग कॅमेरा बंद करून आवाज आणि स्थिर पान ठेवावं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात सिग्नल येतो-जातो, तिथल्या मुलाला तास यानेच पुरा ऐकता येतो. हे गणित प्राध्यापकांना कुणीतरी मांडून दाखवावं लागतं. लॅपटॉपच्या खोक्यात ते येत नाही.

आवाजाचंही तसंच. लॅपटॉपचा माइक तोंडापासून हातभर लांब असतो. वर पंखा आणि पत्र्यावर जूनचा पाऊस असला की ‘सर, ऐकू येईना झालंय’ हा निरोप आलाच म्हणून समजा. तारेचा साधा माइकवाला इअरफोन काही शे रुपयांत मिळतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, कॉलरला किंवा पदराला घासणार नाही असा लावायचा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, त्यामुळे बोलणाऱ्याच्या समोर जाड चादर टांगली तरी फरक पडतो. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. पैसे आधी इअरफोन आणि या यूपीएसवर घाला, महागडा कॅमेरा नंतर.

‘एक दिवसाची कार्यशाळा घ्या.’ लॉगिन करून देण्यापुरती ती उपयोगाची आहे, हे मान्य. पण शनिवारी साठ बटणं दाखवली आणि तास तीन आठवड्यांनी सुरू झाले तर हाताशी काय उरतं? अडचणी प्रत्यक्ष तासातच उगवतात. ब्राउझरमध्ये घरचं खातं उघडं असतं आणि मीटिंग कॉलेजच्या खात्यावर लावलेली असते, त्यामुळे मुलांना आत घेणारं कुणीच नसतं. पूर्ण स्क्रीन दाखवल्यामुळे घरचे व्हॉट्सअॅप निरोप वर्गाला दिसतात (पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त एक विंडो दाखवायची, एवढंच करायचं असतं). चाचणीचा फॉर्म फक्त संस्थेच्या खात्यांसाठी खुला राहतो, आणि घरच्या जीमेलवरून आलेल्या मुलांना परवानगी नाकारली जाते. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटं झाली की मीटिंग बंद होते, नेमकी शंका विचारायच्या वेळी. जाणकार माणूस शेजारी असेल तर यातली प्रत्येक अडचण दोन मिनिटांची आहे. नसेल तर तास बुडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शिकवणाऱ्याचा धीर सुटतो.

म्हणून मदत पसरून द्यायला हवी. पहिल्या तासाच्या आधीच्या आठवड्यात ४५ मिनिटांची तालीम घ्या: एकाने शिकवायचं, दुसऱ्याने विद्यार्थी व्हायचं, तेही मोबाइलवर आणि स्वतःच्या डेटावर. कॉलेजच्या वायफायवर सगळं छानच दिसतं. पहिले दोन आठवडे तासात दुसरी व्यक्ती हवी. मुलांना आत घेणं, चॅट वाचणं, आवाज गेला तर फोन करून सांगणं ही तिची कामं. त्यानंतर सत्र संपेपर्यंत आठवड्यातून अर्धा तास ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत मदत मिळावी. दहा-बारा प्राध्यापकांमागे असा एक मदतनीस पुरतो, पण त्याचे स्वतःचे तास तेवढे कमी करायला हवेत. ‘तुम्हाला येतं ना, मग बघा जरा’ म्हणून एखाद्या तरुण सहकाऱ्याच्या गळ्यात हे काम मारलं की महिन्याभरात तो फोन उचलेनासा होतो. त्याची चूक नसते.

‘वर्गात बोलतात तेच कॅमेऱ्यासमोर.’ आपल्या सीमाभागात हे वाक्य सर्वांत जास्त फसवं आहे. इथला प्राध्यापक वर्गात एका भाषेत बोलत नाही. संज्ञा इंग्रजीत सांगतो, खानापूरच्या मुलांकडे बघून मराठीत फोड करतो, हुक्केरी-अथणीकडच्या मुलांच्या कपाळावर आठी दिसली की कन्नडकडे वळतो. कुठे वळायचं हे त्याला चेहरे सांगतात, आणि पडद्यावर चेहरे नसतात.

संख्याशास्त्राच्या तासाला ‘अनुमान’ म्हटलं तर मराठी मुलाला निष्कर्ष काढणं कळतं. कन्नड मुलाच्या रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे शंका, संशय. अर्थशास्त्रात ‘अवकाश’ हा शब्द कन्नडमध्ये संधीसाठी येतो, मराठीत तो वेळ किंवा मोकळी जागा. वर्गात अशी गफलत एका नजरेत ध्यानात येते. ऑनलाइन ती चाचणीच्या उत्तरात, पंधरा दिवसांनी दिसते. उपाय आधी करावा लागतो. प्रत्येक घटकाआधी दहा-बारा संज्ञांचा इंग्रजी, मराठी, कन्नड असा तीन रकान्यांचा एक कागद तयार करून आदल्या दिवशी पाठवायचा, सारख्या दिसणाऱ्या पण अर्थ वेगळा असणाऱ्या शब्दांखाली रेघ मारून. दर आठ-दहा मिनिटांनी थांबून एक प्रश्न टाकायचा आणि उत्तर चॅटमध्ये एका अक्षरात मागायचं. ‘समजलं का?’ हा प्रश्न नको, त्याला सगळे ‘यस सर’ म्हणतात. हा कागद मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून करायचा आहे, आणि ते काम प्राचार्यांनीच लावून द्यावं लागेल.

‘एकदा रेकॉर्ड केलं की दरवर्षी तेच.’ २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरही अभ्यासक्रम नुसत्या व्हिडिओचा नसतो, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वचाचणी हे भाग त्यात असावेच लागतात. शिवाय सलग ४५ मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं की एक चूक दुरुस्त करायला सगळं पुन्हा करावं लागतं. आठ-दहा मिनिटांचे तुकडे करा. ४०० किलोबिटने दहा मिनिटांचा तुकडा ३० एमबीत बसतो. नवख्याला असा एक तुकडा करायला दोन-तीन तास लागतात, आणि ते तास त्याच्या कामात मोजले गेले पाहिजेत.

‘वय झालंय.’ हे बोलणं अन्यायाचं आहे. ज्येष्ठांची अडचण बहुतेक वेळा फॉन्टची असते. वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये किंवा कन्नडच्या जुन्या ‘नुडी’त असतात, मोबाइलवर उघडल्या की रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून देणं हे मदतनीसाचं काम. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासा: जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचं नेमकं उलटं. चुका तिथेच होतात. तोवर मूळ फॉन्ट ज्या संगणकावर आहे त्यावरूनच पीडीएफ करून पाठवा.

ज्यांचा हात फळ्यावर चालतो त्यांना स्लाइड करायला लावू नका. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर पट्टी आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइल पडदा वर करून, मागचा कॅमेरा पट्टीच्या बाहेर. खाली ए-फोर कागद आडवा, जाड काळं स्केचपेन, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. एका पानावर सहा-सात ओळी, त्याहून जास्त नाहीत. सुरू करण्याआधी मोबाइलवरून जोडलेल्या एखाद्या मुलाला कागदाची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांगा.