तामारेचं काय?

बायबलमधल्या दावीद राजावरच्या लेखात, बथशेबा प्रकरण (दुसऱ्याच्या बायकोशी संबंध आणि तिच्या नवऱ्याचा घात) ही त्याची 'एकमेव मोठी चूक' होती, असं वाक्य आहे. ते मला अजिबात पटलं नाही. तामारेचं काय? आजारपणाचं सोंग घेतलेल्या अम्नोनासाठी, त्या सावत्र भावासाठी, दावीदानेच आपल्या या लेकीला रांधायला पाठवलं. अम्नोनाने केलेल्या अत्याचारानंतर ती डोक्यावर राख घेऊन, पायघोळ झगा फाडून रडत निघाली. राजा संतापला, पण थोरल्या मुलाला शिक्षा काही केली नाही. दोन वर्षांनी तामारेच्या सख्ख्या भावाने, अबशालोमाने, मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत चाकरांकरवी अम्नोनाला मारलं. अबशालोमाचं बापाविरुद्धचं पुढचं बंडही तिथूनच उगवलं.

लहानपणापासून चर्चमध्ये गल्याथाला पाडणाऱ्या दावीदाच्या गोफणीची गोष्ट शेकडो वेळा ऐकली. तामारेवर उपदेश मात्र एकदाही नाही. बंडात मारल्या गेलेल्या अबशालोमासाठी वेशीवरच्या माडीत ढसाढसा रडणारा बाप मलाही हलवतो, पण लेकीसाठी तो रडल्याची एक ओळही सापडत नाही.