सगळीकडे साउंड ब्लास्टर निवडलं की संगीत येतं म्हणे!

डॉसचे जुने गेम खेळणाऱ्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: "गेममध्ये संगीत येत नाही? सेटअपमध्ये सगळीकडे साउंड ब्लास्टर निवडा, आयआरक्यू ५ करा. आवाज पातळ वाटला तर रोलँड किंवा जनरल मिडी घ्या, दोन्ही एकच. सायकल्स मॅक्सवर ठेवा. तरीही नाही आलं तर आयएसओ खराब आहे. कटकट नको असेल तर खरं कार्ड घ्या, त्यात असले प्रश्न नसतात."

परवा मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सगळं केलं. आता बंदुकीचा आवाजही गेला."

बंदुकीचा आवाज का गेला ते आधी सांगतो. साउंड ब्लास्टर नावाला एक साउंड कार्ड, पण आत दोन बिऱ्हाडं नांदतात. पहिलं म्हणजे यामाहाची एफएम चिप, वायएम३८१२. १९८७ च्या ॲडलिब कार्डावर होती तीच. ती नऊ आवाज स्वतः घडवते आणि गेम तिच्याशी ३८८ या पत्त्यावर बोलतो. संगीत वाजवायला तिला ना आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची ओळ) लागतो, ना डीएमए (मेमरीतून कार्डाकडे आवाज नेणारा थेट मार्ग). दुसरं बिऱ्हाड रेकॉर्ड केलेल्या आवाजांचं: गोळी, दार, किंकाळी. त्याला मात्र २२० हा पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए, तिन्ही जुळावे लागतात. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, आयआरक्यू मुळात ७ असतो. भावाने गेमला ५ सांगितलं, डॉसबॉक्सला काहीच सांगितलं नाही. गेम एका दारात ताटकळला आणि घंटा दुसऱ्याच दाराची वाजत राहिली. अशा वेळी आवाजाचा पहिला तुकडा वाजून सगळं गप्प होतं, नाहीतर तोच तुकडा अडकलेल्या कॅसेटसारखा घोळत राहतो.

म्हणून आयआरक्यूला हात लावण्याआधी ऐका. संगीत आहे पण गोळ्यांचा आवाज नाही, तर आयआरक्यू-डीएमए तपासा. डॉसबॉक्सच्या काळ्या पडद्यावर सेट असं टाइप केलं की ब्लास्टरची ओळ दिसते: ए२२० आय७ डी१ एच५ टी६. तेच आकडे गेमच्या सेटअपमध्ये भरा. गोळ्या वाजताहेत पण संगीत नाही, तर आयआरक्यू बिचारा निर्दोष आहे. सेटअपमध्ये संगीतासाठी वेगळी यादी असते, ती उघडा. १९९३ च्या डूममध्ये हे लख्ख दिसतं: म्युझिक कार्ड वेगळं निवडायचं, साउंड इफेक्ट्सचं कार्ड वेगळं. उगाच नाही दोनदा विचारत.

आता "रोलँड किंवा जनरल मिडी, दोन्ही एकच" या वाक्याकडे येऊ. फॉरवर्डमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हेच, आणि सर्वांत जास्त लोक फसतात तेही इथेच.

मिडी म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, नोटेशन आहे. कोणत्या क्रमांकाच्या वाद्यावर कोणता सूर किती वेळ, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. समोर पेटीवाला नसेल तर कागद आपोआप वाजत नाही. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सिंथ (नोटेशन वाचून वाजवणारं सॉफ्टवेअर) आधीपासून बसलेला असतो, म्हणून तिथे काहीतरी तरी वाजतं. लिनक्सवर साध्या डॉसबॉक्समध्ये जनरल मिडी निवडलं आणि शुकशुकाट झाला, तर बहुधा वाजवणारा कुणी बसवलेलाच नसतो. फ्लुइडसिंथ नावाचा सिंथ आणि एखादा साउंडफाँट (वाद्यांच्या नमुन्यांची फाइल) जोडला की काम होतं. डॉसबॉक्स स्टेजिंग या सुधारित आवृत्तीत फ्लुइडसिंथ आतच आहे, पण साउंडफाँट आपण द्यायचा.

आणि पेटीवालाही कुठलाही चालत नाही. रोलँड कंपनीचा एमटी-३२ हा मिडी वाजवणारा डबा आला १९८७ मध्ये, जनरल मिडीचं, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणतं वाद्य याचं, सामायिक प्रमाण ठरलं १९९१ मध्ये. मधल्या वर्षांतल्या गेमांनी "रोलँड" म्हटलं की त्यांना एमटी-३२ अभिप्रेत असतो. त्याच्या यादीत ६५ क्रमांकाला अकॉस्टिक बास आहे, जनरल मिडीत ६५ म्हणजे सोप्रानो सॅक्सोफोन. १९९० चा मंकी आयलंड असा एमटी-३२ वर लावून जनरल मिडीच्या सिंथवर सोडला, तर चाल ओळखू येते पण वाद्यं भलतीच. लग्नाच्या बँडला सनईचं नोटेशन देऊन बॅगपाइप ऐकण्यातला प्रकार.

क्रमांक जुळवून घेतले तरी प्रश्न सुटत नाही. बरेच गेम सुरू होतानाच एमटी-३२ मध्ये स्वतः बनवलेली वाद्यं पाठवायचे, सिसेक्स नावाच्या खास संदेशांतून. सिएरा कंपनीचे काही गेम तर यंत्राच्या वीस अक्षरी पडद्यावर मजकूरही झळकवत. विंडोजचा सिंथ हे सगळं निमूटपणे टाकून देतो, कारण त्याला ती भाषाच येत नाही. तिथे मंट हे एमटी-३२ ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर हवं, आणि त्याला मूळ यंत्रातले दोन रॉम (आतल्या कायम मेमरीच्या प्रती) लागतात. ते रोलँडच्या मालकीचे आहेत, तेव्हा "कुठून मिळतील" हे मला विचारू नका.

उलट चूकही होते. जनरल मिडीसाठी लिहिलेला डूम मंटवर लावायचा आणि मग मंटच्या नावाने बोटं मोडायची. साधा आडाखा: ९१ च्या आधीचा गेम असेल तर एमटी-३२ किंवा ॲडलिब, ९३ च्या पुढचा असेल तर जनरल मिडी. मधल्या दीड-दोन वर्षांत सेटअपची यादी नीट वाचावी लागते, दोन्ही दिलेली असू शकतात.

"पातळ वाटलं तर" याबद्दल एवढंच, की त्या काळात कित्येकांच्या घरी एफएम चिपच होती आणि संगीतकारांना ते ठाऊक होतं. डूमच्या एफएम आवृत्तीसाठी वाद्यांचा स्वतंत्र संच गेमच्या फाइलीतच आहे. मला स्वतःला तीच खरखरीत आवृत्ती आवडते, पण तो माझा कान झाला.

सायकल्स म्हणजे डॉसबॉक्सच्या नकली प्रोसेसरचा वेग. त्याबद्दलचं वाक्य अर्धं बरोबर आहे. नक्कल केलेलं मशीन फार हळू असेल तर संगीत अडखळतं, हे खरं. पण १९८८-९० च्या गेममध्ये मॅक्स लावलंत तर उलटं होऊ शकतं. ॲडलिबच्या चिपला प्रत्येक आकडा दिल्यावर थोडा दम खाऊ द्यावा लागतो, शेवटच्या लिखाणानंतर सुमारे २३ मायक्रोसेकंद. काही गेम हा दम प्रोसेसरला रिकाम्या फेऱ्या मारायला लावून मोजत. प्रोसेसर वेगवान झाला की फेऱ्या क्षणात संपतात आणि "कार्ड सापडलं नाही" असं समजून गेम मुकाट पुढे जातो. सायकल्स ३००० वर ठेवून सुरुवात करा, कंट्रोल-एफ१२ ने थोड्या थोड्या वाढवा, कंट्रोल-एफ११ ने कमी करा.

आयएसओ म्हणजे सीडीची फाइलरूप प्रत. तिचं सांगताना जरा घरची गोष्ट. आमच्याकडे क्वेक हा गेम आला तो कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून उचललेला नुसता फोल्डर. कित्येक वर्षं मला वाटायचं, या गेमला संगीतच नाही, भीती वाटावी म्हणून मुद्दाम शांतता ठेवलीय. प्रत्यक्षात १९९६ च्या त्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे दहा ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे. आयएसओ फाइलीत फक्त डेटाचा ट्रॅक मावतो. म्हणजे आयएसओ खराब नसते, अगदी धडधाकट आयएसओमध्येही संगीत नसतंच. बिन (सीडीवरचं सगळं) आणि क्यू (ट्रॅकांची यादी) अशी जोडी हवी आणि डॉसबॉक्सला इमेजमाउंट या आज्ञेने क्यू फाइल द्यायची, बिन नाही. तरीही शांतता असेल तर क्यू नोटपॅडमध्ये उघडा, साध्या मजकुराची फाइल असते ती. पहिल्या ओळीत बिनचं नाव लिहिलेलं असतं. कुणीतरी बिनचं नाव बदललेलं असतं आणि क्यूमध्ये जुनंच राहिलेलं असतं, हे मी स्वतः तीनदा पाहिलंय.

राहता राहिलं "खरं कार्ड घ्या". खऱ्या मशीनमध्ये सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत एक बारीक ऑडिओ वायर असायची. ती नसेल तर डिस्क फिरते, गेम चालतो, संगीत नाही. साउंड ब्लास्टर १६ चा मिडी पोर्ट फक्त साध्या पद्धतीने चालतो. एमटी-३२ साठी इंटेलिजंट पद्धत मागणारे जुने गेम त्यावर सॉफ्टएमपीयूसारखा कार्यक्रम आधी चढवल्याशिवाय बोलत नाहीत. काही उशिराच्या कार्डांवर तर यामाहाची चिपच नाही, तिची साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्हने केलेली नक्कल आहे. आणि डीएसपीची (रेकॉर्ड केलेले आवाज सांभाळणाऱ्या चिपची) आवृत्ती ४.११ ते ४.१३ असलेल्या कार्डांवर, मिडी आणि गोळ्यांचे आवाज एकत्र वाजताना मध्येच एखादा सूर चिकटून बसतो आणि भुंग्यासारखा गुणगुणत राहतो. जुन्या मोठ्या कार्डांवर हा आकडा सीटी१७४१ चिपवरच छापलेला असतो. भावाला मी सांगितलंय, पैसे पाठवण्याआधी त्या चिपचा जवळून काढलेला फोटो मागव, ४०५ (म्हणजे ४.०५, त्यात हा दोष नाही) दिसलं तर माझ्यासाठीही एक बघ.