शेठ, युनियन होऊ द्या की!

चाकणला नवी शेड उभी राहिली, सत्यनारायण झाला, पहिला ट्रक माल भरून गेला आणि सहाव्या महिन्यात एचआरवाला घाम पुसत केबिनमध्ये आला, "सर, पोरं युनियन करतायत." लगेच बाउन्सर बोलावू नका, शेठ. त्यांचे व्हिडिओ निघतात. शिवाय संघटना करणं हा राज्यघटनेच्या कलम १९नं दिलेला हक्क आहे. तो नाकारायचा कशाला? फक्त घाई करायची नाही.

नोंदणीच्या अर्जाला किमान सात जण लागतात. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यापासूनचा आकडा आहे, नव्या औद्योगिक संबंध संहितेनंही तो मोडला नाही. म्हणजे कोण कोण आहेत याची यादी पोरांनी स्वतःच सही करून दिली! पहिल्या सहीवाल्याचं नेमणूकपत्र काढा. 'भारतात कुठेही बदली' हे कलम बारीक अक्षरात असतंच. त्याला तमिळनाडूत होसूरला पाठवा. होसूरला आपलं काहीच नाही? मग एक गाळा भाड्यानं घ्या आणि 'दक्षिण विभागीय कार्यालय' अशी पाटी लावा. दुसऱ्याला चार्जशीट द्या : सुपरवायझरशी उर्मट वर्तन. मग खात्याची चौकशी, तारखांवर तारखा. निलंबनात पहिले ९० दिवस अर्धा पगार द्यावा लागतो, पुढे पाऊण. जीव तुटेल, पण घरी बसलेला माणूस दुपारच्या शिफ्टला कॅन्टीनमध्ये बोलत नाही, हा हिशोब धरा. तिसरा जरा हुशार असेल तर त्याला थेट ऑफिसर करा. सुपरवायझरी काम आणि बरा पगार असला की तो कायद्यानं 'कामगार' उरत नाही. त्याची बायको चाळीत पेढे वाटेल, आणि युनियनचा सेक्रेटरी गेला हे पेढे संपल्यावर कळेल.

उरलेले चार वाट बघतील. त्यांना बघू द्या.

कारण नोंदणी झाली म्हणून बोलणी करावीच लागतात असं थोडंच आहे! नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर वाटाघाटीचा एकहाती अधिकार मिळवायला मस्टरवरचे ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. म्हणून दुसरी युनियन तुम्हीच काढून द्या. (हे बेकायदा आहे, तेव्हा उद्घाटनाला जाऊ नका.) आणि मस्टर तर आपल्याच हातात! लाइनवर अ‍ॅप्रेंटिस उभे करा. १९६१च्या कायद्यानं ते शिकाऊ, कामगार नव्हेत. बाकीचे ठेकेदाराचे. कायम कामगारांचा आकडा २९९वर ठेवा. ३०० झाले की स्थायी आदेश (नोकरीच्या लेखी अटी) लागू, कारखाना बंद करणं सोडा, साधी कामगार कपात करायलाही सरकारची परवानगी.

संप करतील म्हणता? १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा काढली तरी तो संपच. पालखी आळंदीहून निघते त्या दिवशी रजेचे अर्ज जरा मोजून घ्या.

प्रतिनिधी निवडायचेच झाले तर गुप्त मतदान टाळा. यार्डात उभं करून हात वर करायला सांगा, मोजायला प्लांट हेडला ठेवा. एकमत होतं.

घाई न करण्याला आपल्याकडे थोर परंपरा आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ला गिरणी कामगारांची सभा घेऊन रविवारची सुट्टी मागितली, ती मिळाली १८९०ला. सहा वर्षं! तेव्हा युनियनचा कायदाच नव्हता. आज कायदा आहे आणि तरीही आपण तेवढाच वेळ काढू शकतो, याचं श्रेय घ्यायला हरकत नाही.

बरं, आज संध्याकाळी तुमच्या उद्योजक संघटनेची निवडणूक आहे ना? मतपेटी सहाला बंद होते म्हणे. नवी कार्यकारिणी वीजदराचं निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जाणार आहे, तेव्हा वर्गणी भरून टाका. एकटं गेलं तर तिथला शिपाईही उभं करत नाही.