सोनेरी डिस्क म्हणजे 100 वर्षांची हमी नव्हे

सोनेरी दिसणारी कोणतीही सीडी 100 वर्षे टिकते, असा संदेश सोलापुरातील छायाचित्रकारांमध्ये फिरत आहे. तो अर्धवट खरा असल्याने हा खुलासा. सोने गंजत नाही, म्हणून खऱ्या सोन्याचा परावर्तक थर चांदीच्या थरापेक्षा टिकाऊ ठरतो, हे बरोबर. परंतु फोटोंची नोंद होते ती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात, आणि ऊन व उष्णता त्यालाच बाधतात. शिवाय काही डिस्कचा सोनेरीपणा निव्वळ छपाईचा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेल्या माझ्या एका सोनेरी डिस्कची कड फिकट पडली आणि लग्नाचे शेवटचे फोटो उघडेनात, कारण डिस्कवर लेखन आतून बाहेर होत जाते. डिस्क थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि दुसरी प्रत हार्ड डिस्कवर असावीच.